मोती ऐकतच नाही!

दोस्तांनो, आमच्या घरी दोन कुत्री आहेत आणि दोघांत काडीचंही साम्य नाही. मोती गावठी, अंगानं दांडगा, वय वर्षं बारा. त्याचा उजवा कान ताठ, तर डावा मध्येच दुमडलेला. जणू पुस्तकात खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडलाय! टिंगी पॉमेरेनियन. एवढीशी, पण झुबकेदार शेपूट पाठीवर टाकून अशी मिरवते, की घर तिच्याच नावावर आहे. बसण्यापूर्वी स्वतःभोवती तीन गिरक्या घेणार म्हणजे घेणारच. घाईत असली तर दोन!

गेल्या वर्षी मोतीनं नवंच खूळ काढलं. कितीही हाका मारा, स्वारी ढिम्म! धाकटा ओरडायचा, "आई, मोती ऐकत नाही!" आजी म्हणायची, "म्हातारपणी फार लाडोबा झालाय मेला." मी तर रागानं दोन दिवस त्याचं बिस्कीट बंद केलं. गंमत म्हणजे, फाटक वाजलं की टिंगीपाठोपाठ हाही हजर. मग हे ढोंगच की नाही?

एके दिवशी अंगणात रिक्षा मागे घेताना ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. टिंगी टुणकन बाजूला झाली. मोती मात्र चाकामागे खुशाल घोरत होता. वेळेवर ब्रेक लागला म्हणून वाचला!

तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. टेबलावर मोतीच्या पंजांचे ओले ठसे उमटले. कुत्रा घाबरला की त्याच्या तळपायांना घाम येतो, बरं का! डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून जोरात टाळी वाजवली. दोन्ही कान जागच्या जागी.

"अहो, याला ऐकू येत नाही. वयानं होतं असं," ते म्हणाले.

आम्ही सगळे गप्प. ज्या प्राण्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक, उंच आवाज ऐकू येतात, त्याचंच जग शांत झालं होतं. फाटक टिंगी ऐकायची आणि मोती टिंगीला बघून उठायचा. आणि आम्ही त्यालाच रागावत होतो!

आता आम्ही खुणा शिकवल्यात. तळहात खाली केला की 'बस', हात छातीशी नेला की 'ये'. म्हाताऱ्यानं पंधरा दिवसांत धडा पाठ केला. झोपेत त्याला एकदम हात लावायचा नाही, नाहीतर तो दचकून चावेल. आधी जमिनीवर पाय आपटायचा. हादरा त्याला बरोबर कळतो. रस्त्यावर नेताना साखळी हवीच. नाक मात्र अजून तरणंताठं आहे. बिस्किटाचा डबा उघडायचा अवकाश, स्वारी हजर!

तेव्हा दोस्तांनो, 'ऐकत नाही' म्हणून कुणावर रागावण्यापूर्वी त्याला ऐकू येतंय का, ते आधी पाहा. आईबाबांनो, हे तुम्हालाही बरं का!