निर्मात्याचा आवाज
रेडिओवरचा माणूस निव्वळ आवाजावर तरतो, हे अर्धसत्य. तसं असतं तर आकाशवाणीच्या हिंदी निवेदकाच्या चाचणीत अमीन सयानी नापास झाले नसते. उच्चारांत म्हणे गुजराती-इंग्रजीची छाप होती. १९५२ साली रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ त्यांच्याकडे आली ती आठवड्याला २५ रुपयांवर. लेखन, निर्मिती, निवेदन आणि श्रोत्यांच्या पत्रांचे गठ्ठे उपसणं, सगळं त्यातच! त्यांच्या ‘बहनों और भाइयों’ या हाकेतली जवळीक त्या गठ्ठ्यांतूनच आली असावी. मग आवाजाला किंमत नाही? आहे, पण ऐकणारा कोण, हे उमगल्यावर. वाशी-नेरुळात घरबसल्या पॉडकास्ट करणाऱ्यांनो, महागडा माइक घेण्याआधी श्रोत्यांचे निरोप वाचा.