पृच्छनेचे उत्तर



आपल्या शास्त्रांनी स्वाध्यायाची गणना आभ्यंतर तपात केली आणि त्याचे पाच प्रकार सांगितले. त्यांत वाचनेच्या पाठोपाठ स्थान दिले ते पृच्छनेला, म्हणजे शंका विचारण्याला. परंतु शंका विचारणारा आपल्याच घरातला मुलगा असला की तिला आपण उद्धटपणा समजतो. म्हणून या वेळी एका जुन्या पत्रव्यवहाराचे स्मरण करावेसे वाटते.

पत्र पाठविणारे होते पंचविशीतले मोहनदास गांधी. लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ साप्ताहिकात १८९१ मध्ये त्यांचे काही लेख प्रसिद्ध झाले होते. पुढे ‘इंडियन ओपिनियन’पासून, आमच्या वडनेरच्याच वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामी बसून ज्यासाठी ते लिहीत त्या ‘हरिजन’पर्यंत, पत्रकारिता हे त्यांचे आयुष्यभराचे व्रत झाले. पत्र ज्यांना गेले ते श्रीमद् राजचंद्र, गांधीजींचे रायचंदभाई. ‘मोक्षमाला’ त्यांनी किशोरवयातच लिहिली होती. मुंबईत रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत ते भागीदार होते आणि हिरे-मोत्यांचा व्यापार करीत. वयाने गांधीजींहून ते जेमतेम दोन वर्षांनी मोठे. १८९१ च्या जुलैत विलायतेहून परतलेल्या गांधीजींची व त्यांची मुंबईत डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी प्रथम भेट झाली. मोठमोठ्या सौद्यांची बोलणी संपताच हा जवाहिर धर्मग्रंथ किंवा आपली टिपणवही उघडून बसे, हे गांधीजींनी स्वतः पाहिले होते.

१८९३ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे ख्रिस्ती स्नेह्यांनी त्यांना आपल्या धर्माकडे वळविण्याचा मनःपूर्वक प्रयत्न केला. मुसलमान स्नेह्यांनीही इस्लामच्या अभ्यासाचा आग्रह धरला. जन्मप्राप्त धर्मातील दोष तर त्यांना डोळ्यांपुढे दिसतच होते. मन डळमळीत झाले, तेव्हा त्यांनी रायचंदभाईंना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. आत्मा म्हणजे काय? ईश्वर जगाचा कर्ता आहे काय? वेद अनादी आहेत काय? यज्ञातील पशुवधाने पुण्य लाभते काय? येशू हा ईश्वराचा अवतार मानावा काय? निरक्षर मनुष्याला केवळ भक्तीने मोक्ष मिळेल काय? आणि शेवटचा प्रश्न असा, की साप चावावयास आला तर त्याला चावू द्यावे की मारावे?

१८९४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून उत्तर गेले. व्यापारी पत्राला कलमवार उत्तर द्यावे, तसे ते उत्तर होते. एकही प्रश्न गाळलेला नाही, एकाही प्रश्नाची थट्टा नाही. जेथे मतभेद होता तेथे तो स्पष्ट शब्दांत मांडला. सापाच्या प्रश्नावर तर ते म्हणतात, की साप चावू दे असे सांगताना मन कचरते; परंतु देह अनित्य आहे हे ज्याला उमगले, त्याने या असार देहाच्या रक्षणासाठी, देहावर प्रीती असलेल्या दुसऱ्या जीवाला मारणे कसे योग्य ठरेल? सोपे उत्तर देऊन मोकळे होता आले असते, पण त्यांनी ते दिले नाही.

‘तू जैन हो’ असे मात्र त्यांनी कोठेही सुचविले नाही. धीर धर, ज्या धर्मात जन्मलास त्याचा अधिक खोल अभ्यास कर, असा सल्ला दिला आणि ‘पंचीकरण’, ‘मणिरत्नमाला’, योगवासिष्ठातील मुमुक्षु प्रकरण, हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ हे ग्रंथ पाठविले. अनेकांतावर प्रवचन देणे सोपे. पत्रातून तो असा आचरणे कठीण.

या पत्राने मनाला बरीच शांती मिळाली, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. तरीही हृदयातील गुरूचे आसन त्यांना देता आले नाही, ते रिकामेच राहिले, हेही तितक्याच प्रांजळपणे सांगितले आहे. म्हणजे उत्तर देणाऱ्याने शिष्य मिळविला नाही. ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे, वयाच्या चौतिसाव्या वर्षी श्रीमदांचा देह सुटला. पंचवीस वर्षांनंतर, १९२६ मध्ये, त्यांच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना गांधीजींची कृतज्ञता रतिमात्र उणावली नव्हती. ‘हरिजन’मध्ये प्रश्नपेटी चालवून अनोळखी वाचकांच्या शंकांना ते एकेक करून उत्तरे देत, तेव्हा मुंबईहून आलेल्या त्या पत्राची आठवण आपणास झाल्यावाचून राहत नाही.

आज आपली मुले शिक्षणासाठी पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जातात. कंदमुळे का वर्ज्य, रात्रिभोजनाचा त्याग आजही का, चढाव्यात बोली का लावायची, असे त्यांचे प्रश्न असतात. पूर्वी गावातल्या लहानशा दुकानातही आलेले प्रत्येक पत्र तारेत ओवले जाई आणि उत्तर गेल्याखेरीज चैन पडत नसे. आडत्याच्या पत्राला ही तत्परता दाखविणारे आपण, मुलाच्या प्रश्नाला मात्र एखादा तयार सुविचार मोबाईलवर पुढे ढकलतो. तो मुलगा पुन्हा विचारीत नाही, आणि त्याचे समाधान झाले असे आपण समजतो.

येत्या चातुर्मासात घरातील एका तरी मुलाला त्याचे प्रश्न कागदावर क्रमांक घालून लिहावयास सांगावे. उत्तर माहीत नसेल तेथे महाराज साहेबांना विचारावे, ग्रंथ पाहावा, आणि मग स्वहस्ते कलमवार उत्तर लिहावे. त्यानंतर त्याने काय स्वीकारावे, हे त्याच्यावर सोपवावे.

इत्यलम्. जय जिनेंद्र.