मुक्कामाचे ऋण

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडच्या वाटेला लागते, तेव्हा ती भांडगावावरून जाते. रस्त्यालगतच्या या गावांना पाहुणा नवा नाही. शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, घराची ओसरी, जिथे पाठ टेकायला जागा असेल तिथे वारकरी विसावतो. त्याची विचारपूस करणारे, पाण्याचा तांब्या पुढे करणारे कोणीतरी समोर असते.

डोंगरमाथ्यावर मात्र यजमान नसतो. तेथे रात्र काढणाऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न म्हणूनच अधिक कठीण आहे.

युरोपातील बर्फाच्छादित पर्वतांत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. स्वित्झर्लंडमधील गिर्यारोहकांची संघटना १८६३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने आपली पहिली पर्वतकुटी बांधली. नॉर्वेतील पदभ्रमण संघटना १८६८ ची. तिच्या अनेक कुटींत कोणी राखणदार नसतो. सभासदांजवळच्या एकाच प्रकारच्या किल्लीने त्यांतील बहुतेक कुट्या उघडतात. काही कुटींत कोरडा शिधाही ठेवलेला असतो. बर्फावरून घसरपट्ट्यांवर आलेला प्रवासी नोंदवहीत नाव लिहितो, लागेल तेवढा शिधा घेतो आणि त्याचे मोल स्वतःच नोंदवून भरतो. निघताना भांडी घासायची, केर काढायचा आणि पुढच्यासाठी सरपण फोडून ठेवायचे, हा तेथील शिरस्ता. कडाक्याच्या थंडीत भिजून आलेल्या माणसाला शेगडीजवळ कोरडी लाकडे मिळणे म्हणजे कधीकधी जीवदानच. ते देणारा त्याला कधीच भेटत नाही.

सह्याद्रीत बर्फ नाही. पण निवारे आहेत. राजगडावरील पद्मावतीचे मंदिर, तोरण्यावरील मेंगाईचे मंदिर, हरिश्चंद्रगडावरील लेणी येथे दुर्गप्रेमींच्या कित्येक पिढ्यांनी रात्री काढल्या. येथे सरपणाच्या जागी पाणी आहे. कातळात खोदलेले टाके पावसाळ्यात भरते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तेवढ्यावरच भागवावे लागते. कोणी त्यात खरकटे ताट बुडवले, साबण लावून हातपाय धुतले, तर ते पाणी पुढच्या सर्वांसाठी गेले. चैत्रात तहानेने व्याकूळ होऊन गडावर पोचलेल्या मुलाला त्या टाक्याशिवाय आधार नसतो.

म्हणून कुटुंबासह गडावर मुक्कामाला जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. मुक्कामाविषयीचे शासकीय नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात चौकशी करावी. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांना गडावर हा नेम सोयीचाच ठरतो. अंधारात चूल पेटवावी लागत नाही आणि अन्नाच्या वासाने उंदीर-माकडेही जमत नाहीत. पिण्याचे पाणी स्वच्छ भांड्याने काढून घ्यावे, गाळून, उकळून प्यावे. भांडी टाक्यापासून दूर नेऊन धुवावीत. वर नेलेली प्रत्येक पिशवी खाली आणावी. निघण्यापूर्वी झोपलेली जागा मुलांच्या हातून झाडून घ्यावी.

हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. ओसरीवर उतरलेला पाहुणा यजमानाचे आभार मानून निघतो. गडावर आभार मानायला कोणी नसते. तेथील ऋण फेडायचे ते मागून येणाऱ्या अनोळखी माणसाकडे, झाडलेल्या जमिनीने आणि निर्मळ राखलेल्या पाण्याने.