नवे मालक, जुने बांध



हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला मागे किकवीला गेलो होतो. कामगंध सापळे कुठे लावायचे, पक्षीथांबे किती रोवायचे हे सांगून झाले आणि एका घरी चहाला बसलो. ओसरीवर घरातली सातवीतली नात संविधानाची प्रास्ताविका पाठ म्हणत होती. तिचे आजोबा ऐकत होते. मधेच मला म्हणाले, "साहेब, इंग्रज गेला १५ ऑगस्टला. घटना आली अडीच वर्षांनी, २६ जानेवारीला. मधल्या काळात राज्य चाललं होतं कशाच्या आधारावर?"

मी पडलो बी.एस्सी. कृषीवाला. पंपाला औषध किती घालायचे ते झोपेतही सांगेन, पण इथे माझी बोलती बंद झाली. "पुढच्या खेपेला सांगतो," म्हणून उठलो आणि घरी येऊन पुस्तके काढली. जे कळले ते आजोबांना सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

समजा, तुम्ही शेत विकत घेतले. ताबा मिळाला ऐन पेरणीच्या तोंडावर. बांध जुन्या मालकाचे, विहीर त्याची, पाटही त्यानेच काढलेले. अशा वेळी शहाणा माणूस आधी पेरून घेतो आणि बांधबंदिस्ती उन्हाळ्यात काढतो. आपल्या देशाने हेच केले. इंग्रजांनी १९३५ साली केलेला कायदा जरूर तेवढा बदलून १५ ऑगस्ट १९४७ पासून त्यावरच कारभार चालवला आणि दुसरीकडे स्वतःची घटना लिहायला घेतली. घटना समितीची पहिली बैठक तर स्वातंत्र्याच्याही आधी, ९ डिसेंबर १९४६ ला भरली होती. काम पुरे झाले २६ नोव्हेंबर १९४९ ला. म्हणजे २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस.

फाळणीनंतर समितीत २९९ सभासद उरले. आपल्याकडचे काकासाहेब गाडगीळ, शंकरराव देव आणि केशवराव जेधे त्यात होते. बॅ. जयकरांनी सोडलेल्या जागेवर डॉ. आंबेडकर मुंबईतून निवडून गेले आणि २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले. १९४८ च्या फेब्रुवारीत मसुदा छापून लोकांपुढे ठेवला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या! आपल्याकडे सामाईक विहिरीच्या पाळीचा कागद करायचा तर चार भाऊ वर्ष काढतात. इथे तर सारा देश खातेदार होता.

"पण तेव्हा आमचा भाग होता भोरच्या राजाच्या अंगाला. त्याचं काय?" आजोबांनी मला थांबवले.

प्रश्न बरोबर होता. इंग्रज गेले म्हणजे साऱ्या मुलखात एकदम एक राज्य आले असे नाही. देशात पाचशेच्या वर संस्थाने होती. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, त्यांच्या घराण्याचे हे भोर संस्थान. भोरचा राजवाडा तुम्ही पाहिलाच असेल, निदान सिनेमात तरी. संस्थानातला शेतकरी सारा भरायचा, पण दिल्लीच्या दरबारात त्याला विचारणारे कुणी नव्हते. दक्षिणेतल्या काही संस्थानांनी एकत्र येऊन आपला वेगळा संघ करून पाहिला. तो टिकला नाही. मार्च १९४८ मध्ये भोर, औंध, फलटण ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली.

औंधची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ सालीच, गांधीजींच्या सल्ल्याने, आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. संस्थान ७२ गावांचे. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तिच्यातून वर संस्थानचे विधिमंडळ. कारभार गावापासून सुरू व्हायचा आणि वर जायचा.

स्वतंत्र देशाचा कारभार असाच गावापासून उभारावा, असे घटना समितीतल्या बऱ्याच जणांना वाटत होते. छापलेल्या मसुद्यात तर ग्रामपंचायतीचा उल्लेखही नव्हता. त्यावर ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी भाषण केले आणि रोखठोक सांगितले, की गाव म्हणजे अज्ञान आणि कोतेपणाची जागा आहे. मसुद्याने गावाला बाजूला ठेवून माणसाला धरले, हेच बरे झाले. पुष्कळांना ते झोंबले. मीही शेतकऱ्याचा मुलगा, पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही झोंबले होते.

पण नोकरीची पहिली वर्षे आठवली आणि राग गेला. दुसऱ्या एका तालुक्यात होतो. अनुदानावरच्या फवारणी पंपांची यादी ग्रामसभेत करायची होती. सभा भरलीच नाही. एका वाड्यावर पाच-सहा नावे ठरली, सगळी एकाच भावकीतली. मग सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरले. गावाबाहेरच्या वस्तीवर दीड एकर कोरडवाहू कसणारी एक विधवा बाई होती, तिनेही त्यावर अंगठा उठवला, पण कशावर ते तिला कुणी सांगितले नाही. कागद माझ्यापुढे आला तेव्हा सारे नियमात बसत होते. मी सही केली. नवा होतो, हे काही कारण नव्हे. त्या बाईला मी पुढे दोनदा भेटलो, पण विषय काढायचे धाडस झाले नाही.

शेवटी समितीने मधला मार्ग काढला. नोव्हेंबर १९४८ मध्येच के. संतानम यांनी पंचायतींची दुरुस्ती मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली. तेच आजचे ४० वे कलम. ते मार्गदर्शक, म्हणजे सरकारने करावे असे. न केले तर कोर्टात जाता येत नाही. मत मात्र प्रत्येक प्रौढ माणसाला मिळाले. आधीच्या निवडणुकांत शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या, त्या गेल्या. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदार होते. बहुतेकांना वाचता येत नव्हते, म्हणून चिन्हे आली. दर उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी तेव्हापासूनची. मात्र सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गळाली, बहुतेक उत्तरेकडची. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते.

शेजारच्या पाकिस्तानात पहिली घटना यायला १९५६ उजाडले. दोन वर्षांत तीही लष्कराने गुंडाळली.

पंचायतींना खरा जोर आला तो पुढे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. पंचायत समितीतली माझी खुर्चीसुद्धा त्या कायद्याने दिलेली. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि जे नुसते मार्गदर्शक होते ते बंधनकारक झाले: दर पाच वर्षांनी निवडणूक आणि बायांना किमान एक तृतीयांश जागा. २०११ पासून आपल्या राज्यात त्या निम्म्या आहेत. तरीही २०२२ साली मुदत संपल्यावर कित्येक जिल्हा परिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. नोकर माणसाने यावर जास्त बोलू नये. एवढेच सांगतो, की त्या दिवसांत गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याला मी कुणाचे दार दाखवावे, हे मलाच कळत नसे.

हे सारे सांगून झाले तेव्हा त्या मुलीची आई चुलीपुढून बाहेर आली. "भाऊ, बायांची वेगळी सभा असते म्हणतात, ती कधी?" ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ग्रामसभेला शंभर किंवा १५ टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे मतदार लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग संख्येची अट नसते. त्या फवारणी पंपांची यादी अशाच दुसऱ्या सभेच्या नावावर मंजूर झाली होती. म्हणून तारीख ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आधीच विचारून ठेवा (आपण त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतो), आणि रजिस्टर घरी आले तर आधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरीला वाचायला सांगा.

निघताना आजोबांनी हरभऱ्याचा डहाळा हातात दिला आणि पुढचा प्रश्न टाकला, "राज्य गेलं ते कळलं. पण इनामाच्या जमिनी होत्या, त्यांचं काय झालं?"

ते पुढच्या खेपेला.