नादाच्या डोळ्यांनी पाहिलेला समुद्र

श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून कोळी बांधव नव्या हंगामास प्रारंभ करतात, हे वाचकांस सांगावयास नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी जी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, तीही या सुमारास संपते. अशाच एका पौर्णिमेस बंदरात होडीची पूजा पाहण्याचा योग आला. नाळेवर हळदकुंकू वाहून झाल्यावर वृद्ध तांडेलांनी सुकाणूजवळच्या एका लहानशा पडद्याच्या चौकटीसही कुंकवाचे बोट लावले. “ह्यो आमचा पान्याखालचा डोला, बुवा,” असे ते म्हणाले.

वस्तुतः हा डोळा नव्हे, कान आहे. प्रकाश समुद्रात फार खोल जात नाही, गढूळ पाण्यात तर मुळीच नाही; नाद मात्र पाण्यातून सेकंदास सुमारे १५०० मीटर वेगाने धावतो. होडीच्या तळाशी बसविलेले यंत्र मानवी कानास ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडते आणि तळावरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. ३० मीटर खोलीवरून तो परतण्यास सेकंदाचा पंचविसावा भागच लागतो. त्या काळावरून खोली कळते; मध्ये मासे असतील तर त्यांचाही प्रतिध्वनी येतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने जी विद्या सिद्ध केली, तीच १९४८ साली जपानमधील नागासाकी येथे फुरुनो बंधूंनी माशांच्या शोधासाठी व्यवहारात आणली. पूर्वी शिशाचे वजन बांधलेला दोर सोडून पाणी किती वाव आहे ते मोजीत. आता ते पडद्यावर अंकांत उमटते.

परंतु हे चित्र वाचणे चित्र पाहण्याइतके सोपे नाही. पडद्याची उजवी कडा तेवढी वर्तमानकाळ. तिच्या डावीकडचे सारे होऊन गेलेले. डावीकडे दिसणारा थवा होडीच्या डावीकडे आहे असे समजणारा नवशिका खलाशी चुकीच्या दिशेस सुकाणू फिरवितो. कमानीसारखी जी खूण दिसते तिची लांबी म्हणजे माशाची लांबी नव्हे. ध्वनी शंकूच्या आकाराने खाली पसरतो. मासा शंकूच्या कडेस असतो तेव्हा अंतर अधिक, मध्यावर येतो तेव्हा कमी, म्हणून कमान उमटते. तो मासा जितका वेळ शंकूत राहील तितकी खूण लांबते. होडी थांबलेली असेल तर लहान मासळीही लांबलचक रेघ होऊन बसते. खडकाळ तळाचा प्रतिध्वनी इतका प्रबळ की तो पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि दुप्पट खोलीवर दुसरा तळ भासवितो. वेदान्तातील दोरी व साप ज्यांनी ऐकले आहेत त्यांस हे नवल वाटू नये.

यातही एक मौज आहे. प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या मांसावरून येत नाही, तो त्याच्या पोटातील वाताशयावरून येतो, कारण ती वायूची पिशवी ध्वनीस जोराने परतविते. घोळ माशाचा वाताशय, ज्यास कोळी बोत म्हणतात, तो फार मोलाचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका होडीस १५७ घोळ मिळाले व त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले, ते या बोतामुळेच. याच पिशवीवर स्नायू आपटून घोळ पाण्यात घुमतो. म्हणजे ज्याने तो बोलतो, ज्याने तो विकला जातो आणि ज्याने तो पडद्यावर उघडा पडतो, ते अंग एकच! उलट बोंबील व कोळंबी यांस वाताशयच नाही. त्यांची खूण फिकी पडते.

येथून प्रश्न शास्त्राचा राहत नाही, न्यायाचा होतो. बोंबील-कोळंबीसाठी डोल जाळे लावणारा लहान मच्छीमार मासा हुडकीत हिंडत नाही. भरती-ओहोटीची ओढ मासळी जाळ्यात आणते. त्यास या पडद्याचा उपयोग खोली व तळ पाहण्यापुरता. मात्र पर्ससीन जाळ्याची मोठी नौका तारली-बांगड्याचे थवे शोधीत फिरते, आणि तिच्यावरील सोनार केवळ खाली न पाहता सभोवार पाहू शकतो. थवा कोठे आहे, कोणीकडे सरकतो आहे, हे कळल्यावर त्यास वेढा घालणे तेवढे उरते. पूर्वी समुद्राचा विस्तार हेच माशाचे अभय होते. तो विस्तार आता पडद्यावर मावतो.

शासनाने हात बांधले नाहीत असे नाही. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्रात पर्ससीन परवान्यांची संख्या २६२ व पुढे १८२ पर्यंत उतरविण्याचे ठरले. एल.ई.डी. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. जाळे व दिवा ही दोन्ही दिसणारी साधने. त्यांच्यावर पहारा ठेवता येतो. पडद्यावर मात्र पहारा कसा ठेवावा? आणि ठेवावा तरी का? तोच लहान होडीस बुडालेल्या खडकापासून वाचवितो. यंत्रास दोष देणे आमच्या मते आळसाचे आहे. प्रश्न दिसलेले सारेच उचलण्याचा आहे.

शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा रक्षण मागतो, कारण मोठे मासे लहानांस गिळतात. कौटिल्यानेही दंडाविना माजणाऱ्या अराजकास मत्स्यन्याय म्हटले आहे. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटास राज्यमासा ठरविले व ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी निश्चित केली, ती त्या इवल्या माशाचीच दाद म्हणावयाची. अडचण एवढीच की होडीवरचा हा साधा पडदा थवा केवढा ते सांगतो, त्यातला मासा केवढा ते सांगत नाही.

मी तांडेलांस तेच विचारले. त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही, दोन तळव्यांत वीतभर अंतर धरून दाखविले आणि म्हणाले, “ते जालं वर आल्यावर कलतं, बुवा.”