पाळण्यासाठी घर

सॅम मेंडिस यांचा 2009 सालचा ‘अवे वी गो’ हा छोटेखानी अमेरिकन चित्रपट पाहताना, विनोदाचे करुणेशी इतके सहज सख्य पुष्कळ दिवसांनी अनुभवास आले, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. डेव्ह एगर्स व व्हेंडेला व्हिडा या लेखक दांपत्याच्या या कथेत, बर्टचे आईवडील नातवंडाच्या जन्माच्या ऐन तोंडावर बेल्जियमला मुक्काम हलवणार असे कळताच, तो आणि त्याची गर्भवती सहचरी व्हेरोना, बाळ वाढवण्यास योग्य गाव कोणते याची जातीने तहकिकात करीत, फिनिक्सपासून मायामीपर्यंत भ्रमण करतात. बाबागाडी म्हणजे अपत्यवियोगाचे साधन, असे मानणारी मॅडिसनची विदुषी पाहून हसू आवरत नाही. परंतु माँट्रियलमध्ये, दत्तक मुलांनी गजबजलेल्या घरातील गृहिणी, पुन्हा एकदा गर्भ न टिकल्याचे दुःख उरात घेऊन मूकपणे नृत्य करते, तेव्हा तेच हास्य कंठात अडकते. दिवंगत मातापित्यांविना विवाह नको म्हणणारी व्हेरोना ट्रॅम्पोलिनवर पहुडून बर्टशी ज्या शपथांची देवघेव करते, तो प्रसंग माया रुडॉल्फ यांच्या संयत अभिनयाने अविस्मरणीय झाला आहे. ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्या वाचकांनी हा चित्रपट दोघांनी मिळून अवश्य पाहावा.