चार्ज : एक शब्द, अनेक ओझी

मोबाइलचा चार्ज संपला, हॉटेलने जादा चार्ज लावला, पोलिसांनी चार्जशीट दाखल केली, नव्या साहेबांनी चार्ज घेतला. एकच शब्द तुम्ही किती अर्थांनी वापरता, पाहा!

या सगळ्यांचं मूळ आहे लॅटिनमधला ‘कारुस’, म्हणजे गाडा. त्यावरून ‘कारिकारे’, म्हणजे गाड्यात माल भरणं. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत ‘चार्ज’ झाला. मग बंदुकीत दारू भरणं चार्ज आणि बॅटरी भरणंही चार्ज. माणसावर पैशांचा, आरोपाचा किंवा जबाबदारीचा भार टाकणं, तेही चार्जच. ‘कार’ आणि ‘कार्गो’ याच गाड्याचे नातेवाईक.

मराठीतही आपण ‘कार्यभार’ स्वीकारतोच की! म्हणून कुणी चार्ज घेतला, की खुर्चीआधी ओझं आठवा.